‘काहून’ खोडला ती दुपार

एका माणसाचा उजवा हात माझ्यामुळे गेला. हे वाक्य मी आजवर कुठेच लिहिलेलं नाही. बायकोलाही अर्धंच सांगितलं होतं.

मी रायपूरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होतो. वडील रेल्वेत, विदर्भातून इकडे आलेले. घर बूढापाऱ्यात, तलावाच्या मागच्या गल्लीत. गल्लीत मराठी घरं दोनच. एक आमचं आणि समोर गॅलरीत बसून भाजी निवडणाऱ्या काकूंचं. त्यांचे यजमानही रेल्वेतच होते. घराबाहेर पडलं की हिंदी. माझी मुलं मराठी समजतात, उत्तर हिंदीत देतात. त्यामुळे कुणी मराठी बोललं की मला उगाच भरून यायचं. हे मुद्दाम सांगतोय, कारण सगळं तिथूनच बिघडलं.

राज्य नवीन होतं, राजधानी नवीन होती, आणि नवीन काहीतरी केल्याशिवाय कुणी कुणाला मोजत नव्हतं. एका कार्यशाळेत मला कळलं की इंटरनेटवर असं पान बनवता येतं ज्यावर सगळा वर्ग मिळून लिहू शकतो. कुणी काय बदललं याचा इतिहास ते पान स्वतःच ठेवतं, मिनिटासकट. मी एम.ए.च्या वर्गासाठी तसं पान केलं आणि सोशल मीडियावर वर्गाचा ग्रुपही काढला. पानावर विषय दिला: कामाच्या जागी पाहिलेली मारहाण. नाव न घालता लिहायची सोय होती. मी वर्गात सांगितलं, नाव कुणालाही कळणार नाही, माझा शब्द आहे.

वर्गात तिशीच्या आतबाहेरचा एक जण होता. सिलतऱ्यात स्पंज आयर्नच्या कारखान्यात भट्टीवर काम करायचा आणि पाळी सांभाळून वर्गाला यायचा. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. भंडाऱ्याकडचं कुटुंब, घरात बुद्धाची तसबीर, बायको आणि एक मुलगी. वर्गानंतर व्हरांड्यात आम्ही दोघं मराठीत बोलायचो. त्याला एम.ए. करून कामगार खात्याची परीक्षा द्यायची होती. ‘भट्टीतून वर यायचं हाय सर,’ असं तो एकदाच म्हणाला होता. तेवढंच त्याचं मागणं होतं.

त्याच वर्गात एका ठेकेदाराचा पुतण्या होता. सिलतऱ्यातल्या त्याच भट्ट्यांवर मजूर पुरवायचं काम त्याच्या काकाकडे. मोटारसायकलवर यायचा, हेल्मेट बाकावर ठेवायचा, माझ्याशी फार अदबीनं वागायचा.

एका सकाळी पानावर नाव नसलेला मजकूर आला. हिंदीत होता, आठ-दहा ओळींचा. मला अजून पाठ आहे. ‘भट्ठा ठंडा नहीं हुआ था। उसने कहा अंदर नहीं जाऊंगा। चार जने उसको लोहे की चेन से मार रहे थे। पहले पीठ पर, फिर घुटने पर। घुटना फूटा तो आवाज आई। फिर उसका हाथ गरम लोहे पर रखके ऊपर जूता रखा। हम बारह जने खड़े थे। किसी ने नहीं पूछा काहून मार रहे हो।’

 वाचून होताच मला दिसला तो शब्द. काहून. ‘क्यों’ नाही, आणि इथल्या छत्तीसगढी माणसानं लिहिलं असतं तसा ‘काबर’ही नाही. सगळ्या हिंदीत आमचा एकच शब्द नकळत घसरून आला होता. लिहिणाऱ्याच्या तोंडात जे होतं ते त्या जागी उतरलं असणार. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. घुटना फुटलेल्या माणसाच्या शेजारी मला माझा शब्द सापडल्याचा आनंद.

मी त्या मजकुराचा स्क्रीनशॉट काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकलं आणि वर चार ओळी लिहिल्या. भाषा कधी लपत नाही, ‘काहून’ हा आमच्या विदर्भाचा शब्द आहे, या एका शब्दाची माती ओळखा, वगैरे. मला वाटलं, मी भाषेबद्दल काही शिकवतोय. वर्गात मराठी विद्यार्थी दोन. एक समता कॉलनीतली डॉक्टरची मुलगी, जिनं कारखान्याचं फाटकही पाहिलं नव्हतं. आणि दुसरा तो.

पहिला ‘लाइक’ पुतण्याचाच आला. खाली त्यानं लिहिलं होतं: ‘पहचान लिया सर।’

तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी त्याला उत्तर म्हणून शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला मी पहिल्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरच्या खोलीत होतो. सात मशीन, त्यातली दोन चालू. खिडकीखाली सायकल स्टँड. आधी मोटारसायकल पडल्याचा आवाज आला, मग एकीवर एक पडत गेल्याचा. मी उठून पाहिलं.

चार जण होते. कॉलेजातले नव्हते. आमच्या भट्टीवाल्याला दोघांनी काखेतून धरलं होतं आणि तिसरा हेल्मेटनं त्याच्या तोंडावर मारत होता, एका लयीत, घाई न करता. नाकातून रक्त शर्टावर आलं होतं. मग त्याला खाली टाकलं. एकानं स्टँडच्या लोखंडी पाइपावर त्याचा उजवा हात ओढून धरला आणि चौथ्यानं टाच आपटली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो ओरडला तो आवाज माणसाचा वाटला नाही. पुतण्या बाजूला आपल्या गाडीला टेकून उभा होता. हाताचं जे लिहिलं होतं तेच करवून घेत होता. स्टँडभोवती पोरं जमली होती, चाळीसेक असतील. चौकीदार फाटकात उभा होता.

खाली पडलेल्यानं मान वळवली तेव्हा वर खिडकीत मी त्याला दिसलो. हे मी नाकारणार नाही. आमची नजर मिळाली.

जिना वीस पायऱ्यांचा होता. मी जिन्याकडे गेलो नाही. मी खुर्चीवर परत बसलो, पान उघडलं आणि ‘काहून’ खोडून त्या जागी ‘क्यों’ लिहिलं. खालून तो ओरडत होता आणि मी मात्रा नीट लागली का बघत होतो. काय वाटलं असेल मला? शब्द गेला की ओळख जाईल आणि ओळख गेली की ते थांबतील, असं काहीतरी. मग ग्रुपवरची माझी चार ओळींची विद्वत्ता पुसली.  खाली शांत झालं तेव्हा मी लॉग आउट केलं आणि मागच्या दरवाज्यानं घरी गेलो.

दवाखान्यात मी तिसऱ्या दिवशी गेलो. त्याचा जबडा बांधलेला, हात मनगटापासून प्लास्टरमध्ये, बोटांच्या टोकांवर काळं निळं. तो झोपला होता, किंवा डोळे मिटून होता. बायको बाहेर बाकावर बसली होती. मला पाहून उठली, पदर सारखा केला. मी आपल्या भाषेचा माणूस, म्हणून तिला धीर आला असावा.

ती म्हणाली, ‘सर, त्यायनं नाव तं टाकलंच नोतं. मंग त्या लोकायले समजलं कसं?’

मी म्हणालो, आजकाल मोबाइलवरून सगळं समजतं. ती मान हलवत राहिली. 

प्राचार्यांनी बोलावलं. हवालदार बसला होता, समोर चहा. पुतण्याकडून लिहून आलं होतं की गाडी लावण्यावरून भांडण झालं, सुरुवात यानंच केली. प्राचार्य म्हणाले, ‘आप लैब में थे ना? देखा कुछ?’ मी सांगितलं की मी कामात होतो, काही पाहिलं-ऐकलं नाही. तसं लिहून खाली सही केली. मारामारीचं कारण तो मजकूर होता आणि लिहिणाऱ्याला मीच दाखवून दिलं होतं, एवढं मी सांगितलं असतं तर प्रकरण भांडणाचं राहिलं नसतं. मी नाही सांगितलं. ‘आपसी झगड़ा’ म्हणून मिटलं. मारामारी केली म्हणून कॉलेजानं भट्टीवाल्याचंच नाव काटलं. परीक्षा दोन महिन्यांवर होती. इंटरनेटवरचं सगळं बंद करा, पान काढून टाका, असाही हुकूम झाला.

पान मी काढलं नाही. धाडस म्हणून नव्हे. काढायला गेलो की इतिहास समोर यायचा: माझं नाव, एक वाजून वीस मिनिटं, लाल रेघ ओढलेला ‘काहून’ आणि शेजारी हिरवा ‘क्यों’. ते पाहवत नसे, म्हणून खिडकी बंद करायचो. अशी वर्षं गेली. मी प्राध्यापक झालो. ऑनलाइन शिक्षणावर दोन-तीन ठिकाणी भाषणंही दिली, तोंड वर करून.

मग एक दिवस ती सेवा चालवणाऱ्यांचा मेल आला. सेवा बंद होतेय, महिनाभरात सगळी पानं इतिहासासकट नाहीशी होतील. मला काहीही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसलं की मी सुटणार होतो. मी जेवायला बसलो आणि पोळी मोडून तशीच ठेवली. बायकोनं विचारलं, बरं वाटून नाही राहिलं का. मी ताट सरकवलं.

इतिहासाच्या पानाची छापील प्रत काढली, प्राचार्यांच्या नावे झालं ते सगळं कबूल करणारं पत्र लिहिलं आणि त्याला शोधत सिलतऱ्याला गेलो. तो एका धर्मकाट्यावर बसत होता, ट्रक तोलतात तिथं. डाव्या हातानं पर्च्या लिहीत होता. उजव्याची बोटं वळून तळहाताशी चिकटलेली. मला ओळखलं. ‘बसा सर,’ म्हणाला, आणि स्टूल पायानं पुढे सरकवलं.

कागद त्यानं दोनदा वाचला. मध्ये एक ट्रक आला, त्याची पर्ची फाडून दिली, पुन्हा वाचायला लागला.

‘एक वीस,’ तो म्हणाला. ‘तवा मी खाली होतो.’

‘हो.’

‘मी समजत होतो, तुम्ही फोन कराले आत गेले.’

 इतकी वर्षं त्यानं माझ्यासाठी ते कारण जपून ठेवलं होतं.

मी पत्र पुढे केलं, म्हटलं कॉलेजात देतो, ठाण्यात देतो, तू म्हणशील तिथं. त्यानं पत्र माझ्याकडेच परत सरकवलं.

‘कॉलेजचं द्या नाही तं नका देऊ. माह्यी ओळख जिथं पटवली ना सर, तिथंच लिहा. त्याच पोट्ट्यांसमोर. ते सगळे तिथंच हायेत अजून.’

ग्रुप खरंच होता. वर्षानुवर्षं कुणी बोललं नव्हतं, पण सोडूनही कुणी गेलं नव्हतं. पुतण्याही होता, आता तो स्वतः ठेकेदार. मी दुसऱ्या दिवशी दुपारी तिथं लिहिलं. हिंदीत, साध्या वाक्यांत. मजकूर कुणाचा होता हे मी दाखवून दिलं, म्हणून त्यानं मार खाल्ला. मारत होते तेव्हा मी खिडकीतून पाहत होतो. पुतण्या तिथं उभा होता. मी पोलिसांना खोटं लिहून दिलं. सोबत इतिहासाचं चित्र. मग पानावर जाऊन ‘क्यों’ काढून ‘काहून’ परत बसवला.

तासाभरानं पुतण्याचं उत्तर आलं. ‘सर, घर अभी भी बूढ़ापारा में ही है ना?’

मी ‘हां’ लिहिलं.

पाच वाजता दोन मोटारसायकली गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबल्या. बायको म्हणाली, दार लावा, मागच्या दारानं शेजारच्या दीदीकडे जाऊ. आमच्या जिन्याला अकरा पायऱ्या आहेत. मी उतरलो.

तिघं होते, ओळखीचं कुणी नाही. मला काही विचारलं नाही. पहिला फटका हेल्मेटचा, तोंडावर. दोन दात तुटल्याचं जिभेला कळलं आणि तोंड रक्तानं खारट झालं. दुसऱ्यानं गुडघ्यावर लाथ घातली, मी नालीच्या कडेला पडलो, मग बरगड्यांत बूट. श्वास येईना. गल्लीतली दुकानं उघडी होती. स्कूटर थांबल्या होत्या. माणसं उभी होती, मला त्यांचे पाय दिसत होते. मी त्यांना दोष देत नाही, मला ते उभं राहणं आतून ठाऊक आहे. एकानं माझा हात धरून नालीच्या कडेच्या दगडावर ओढला.

वर गॅलरीत काकू होत्या. ऐंशीच्या घरातल्या, गुडघ्यांनी अधू, मांडीवर मेथीची जुडी. त्या ओरडल्या नाहीत. भाजीवाल्याला भाव विचारावा तशा म्हणाल्या, ‘काहून मारून राहिले रे त्याले?’

त्या तिघांना शब्द कळला की नाही कोण जाणे. पण त्यांनी वर पाहिलं. टाच उचललेला थांबला. समोरचा शिंपी कात्री हातात घेऊन पायरी उतरला, स्कूटरवरचा एक जण खाली आला, आणि काकूंनी पुन्हा तेच विचारलं.