पाझरणारी चिकणमाती

मुलांनो, यंदा भडगावकडे जिकडे तिकडे खोल बोअर होत आहेत आणि तुम्ही फोनवर विचारता, आपली विहीर अजून चालू कशी. म्हणून मागे पाणी मोजायला आलेल्या एका बाईंबद्दल लिहिते. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

भूजलाचा नकाशा संगणकावर उभा करण्यासाठी त्या गावोगाव फिरत होत्या. शेजारच्या नानांनी तेव्हा नवं खोल बोअर घेतलं होतं. आपली विहीर आटेल या धास्तीने मला झोप नव्हती. बाईंनी सकाळपासून नानांची मोटर चालू ठेवायला लावली. अधूनमधून बाई मोजायच्या लांब टेपला खडू घासत, टेप आपल्या विहिरीत सोडत, खडू कुठवर भिजला ते बघत आणि टेप ओढणीला पुसत. संध्याकाळपर्यंत विहिरीचं पाणी वीतभर उतरलं.

"खालनं पानी येगळं शे, ताई," नाना बाईंना म्हणाले. "मधमा चिकनमाटी शे."

"ती पाझरते, नाना. हळू, पण पाझरते."

"मंग आम्ही बठ्ठा एकच माठनं पानी पितस का?"

"हो, सगळे एकाच माठातलं."

बाई दमून पायरीवर टेकल्या. मी चहा दिला, तेव्हा म्हणाल्या, "पाणी कुठून कुठे जातं, एवढंच मला दाखवता येतं, आजी. कुणी थांबायचं, ते संगणक सांगत नाही. मग दोन्हीकडची बोलणी मीच खाते."

 ते उतरलेलं पाणी पाहिल्यापासून नाना कुरकुरत का होईना, मोटर दिवसाआड लावतात. या वैशाखातही आपल्या विहिरीत गुडघाभर पाणी आहे.