मावशीच्या एकचाकीचं हँडल

"हँडल नाय ती गाडी नाय. आणि असली गाडी मी स्टेजवर चढवू देनार नाय," नाना म्हणाले.

नमन म्हणजे आमच्या कोकणातला रात्रभर चालणारा नाच-गाणी-सोंगांचा खेळ, आणि नाना आमच्या नमन मंडळाचे अध्यक्ष. माझ्या वर्कशॉपमध्ये उभे राहून ते व्हाइसमध्ये धरलेल्या एकचाकी सायकलकडे संशयाने बघत होते. एक चाक, दोन पेडल, वर सीट. बाकी काही नाही.

पालीच्या रस्त्याला माझं फॅब्रिकेशनचं काम चालतं. गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेड. एकचाकी मी जन्मात बनवली नव्हती. ती मागितली सुधीरने. सुधीर वायरमन. नमनातल्या गौळणीत बरीच वर्षं मावशी तोच करतो. गवळणींना घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेली, नऊवारीतली तोंडाळ मावशी. कृष्ण तिला वाटेत अडवतो आणि दोघांची जुंपते. लोक जागे राहतात ते या भांडणासाठी. पण हल्ली सुधीरच्या मावशीला कोणी हसेना. यंदा मुंबईहून दुसरा कलाकार आणायचं नानांनी जवळपास ठरवलं होतं. "मना एकदा एंट्री बदलून बघू द्या," एवढंच सुधीरने मागितलं. नानांनी शेवटच्या तालमीपर्यंत मुदत दिली.

आता या गाडीची गोम सांगतो. साध्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं, म्हणजे पाय थांबवले तरी चाक आपलं फिरत राहतं. एकचाकीत ते चालत नाही. तोल सांभाळायला चाक पायाने पुढे-मागे करावं लागतं, म्हणून पेडल आणि चाक यांची गाठ पक्की हवी. मी लहान मुलांच्या सायकलचं चाक घेतलं, त्याच्या हबमधून, म्हणजे मधल्या तुंब्यातून, पेडलचा ॲक्सल आरपार घातला आणि दोन्ही एकमेकांना वेल्ड केले. पहिल्या खेपेला घाई केली. एका दमात वेल्डिंग मारलं, ॲक्सल तापून वाकला आणि चाक दारू प्यायल्यागत डुलायला लागलं. दुसऱ्या खेपेला थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला, मध्ये गार होऊ देत केलं. दोन्हीकडे पंपाची बेअरिंग, वर सीट धरायला पाइपचा दुहेरी फोर्क. चाक सरळ फिरलं तेव्हा मी सुधीरला चहा पाजला. खरं तर त्याने मला पाजायला हवा होता.

वर्कशॉपमागच्या चिऱ्यांच्या गडग्याला, कुंपणाच्या भिंतीला, धरून सुधीर रोज संध्याकाळी शिकला. गुडघे सोलवटले, पण शिकला. आणि आता नानांना हँडल हवं होतं.

"नाना, हे हँडल काही वळवणार नाही," मी समजावलं. "वळायचं ते कंबरेने. आणि धरायला म्हणाल, तर गाडी आणि माणूस बरोबरच पडणार."

"अनंता, उद्या हा पडला तं लोक माज्या तोंडाकडं बघतील. मानसाला धरायला कायतरी पायजे का नको?"

"मग ब्रेक पण लावू काय?" मी चिडून विचारलं.

"लाव की."

ब्रेक मी लावला नाही. एकचाकीला ब्रेक म्हणजे तोंडावर आपटायची सोय. हँडल मात्र सीटखालून पुढे पाइप काढून पक्कं वेल्ड करून दिलं. बिनकामाची वस्तू नीट बनवायची म्हणजे माझ्या जिवावर येतं. सुधीर पहिल्याच दिवशी पुढे पडला आणि ते हँडल त्याच्या पोटात बसलं.

"भाऊ, कापून टाक हे," तो कण्हत म्हणाला.

"नानांना विचार."

शेवटी त्याने हँडलला मावशीची लोण्याची मडकी टांगली. निदान तेवढा उपयोग झाला.

शेवटची तालीम देवळाच्या मंडपात होती. काष्टा घट्ट मारून, पदर खोचून सुधीर एकचाकीवर आत आला आणि मंडप हसायला लागला. मृदंगवाल्याचाही ठेका चुकला. मला फार बरं वाटलं. मग कृष्ण आडवा आला आणि सगळं बिनसलं. एकचाकी उभी राहत नाही. जागच्या जागी पुढे-मागे हलत राहता येतं, पण ते शिकायला आणखी काही महिने हवेत. सुधीर कृष्णाभोवती फेऱ्या मारत संवाद म्हणायला लागला. त्याला धाप लागली, अर्धे शब्द तोंडातच राहिले.

नानांनी हात वर केला. "मावशी थांबली नाय तं भांडान कसा व्हायचा? गौळण हाय ही, सर्कस नाय. अजून एकदा बघतो. नाय जमलं तं दुसरा मानूस तयार हाय."

सुधीरचा चेहरा उतरला. गाडी माझी होती, म्हणून मी पुढे होऊन तिचे नट पुन्हा आवळले.

तो पुन्हा आत आला. कृष्ण पुन्हा आडवा आला. कृष्ण करतो तो आमचा टेलर दिलीप. सुधीर थांबायला गेला आणि गाडी कलली. दिलीपने घाबरून समोरून दोन्ही हातांनी हँडल गच्च धरलं.

गाडी थांबली. सुधीर सीटवर, पाय पेडलवर, मडकी डुलताहेत. समोरच्याने हँडल धरलं की एकचाकी उभी राहते, हे बनवणाऱ्या मला ठाऊक नव्हतं.

दिलीप संवाद विसरला होता. सुधीरने वरून त्याच्याकडे बघितलं.

"सोड मेल्या माजी गाडी."

"लोनी दिल्याबिगर नाय सोडनार," दिलीप कसाबसा म्हणाला.

"तू सोडलंस तं मी पडनार, नि धरून ठेवलंस तं बाजार उठनार. आता तूच सांग, मी करू काय?"

यातलं एकही वाक्य ठरलेलं नव्हतं. मंडप असा हसला की नानांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. दोघं बराच वेळ भांडले आणि कोणी त्यांना थांबवलं नाही. दुसऱ्या माणसाचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या हंगामात हेदवीकडच्या एका वाडीत तर मावशीला वन्स मोअर मिळाला.

त्या दिवशी तालीम संपल्यावर नाना माझ्याजवळ आले. "म्हनून सांगत होतो, हँडल पायजे."

त्यांना यातलं काही सुचलेलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण सुधीर बाजूलाच मडकी सोडवत, गाणं गुणगुणत बसला होता. मी त्याला मडकी सोडवायला हात लावला.

दुसऱ्या दिवशी हँडलची टोकं वाकवून मी रबरी मुठी पुढच्या बाजूला बसवल्या, कृष्णाच्या हाताला येतील अशा. आता कोणी गेटला नको तिथे मूठ मागितली तरी मी वाद घालत नाही. एवढंच विचारतो, धरणार कोण?