कडुबा कोणाचा माणूस?

कडुबा साळवे मूळचा वैजापूरचा. तिथं मोंढ्यात कांद्याच्या लिलावात बोली पुकारून त्यानं गळा कमावला. शहरात येऊन चिकलठाण्यात बिऱ्हाड थाटलं, तेव्हापासून भीमजयंतीच्या मिरवणुकीला, साड्यांच्या सेलला, सगळीकडं त्यालाच बोलावणं यायचं. घरातही आवाज तेवढाच. भाजीत मीठ कमी पडलं की अख्ख्या गल्लीला कळायचं, आणि मालनबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, तोंड लपवायला जागा उरायची नाही.

विधानसभेच्या निवडणुकीत त्याला प्रचाराला दोन उमेदवारांनी धरलं. सकाळी विश्वजीतदादांची रिक्षा, दुपारी इंद्रजीतभाऊंची. कडुबाला त्यात वावगं वाटलं नाही. मजकूरही दोन्हीकडं जवळपास एकच होता. राज्यावर कर्जाचा डोंगर झालाय, तो समोरच्या पार्टीनं रचला, आम्हाला निवडून द्या, उतरवून दाखवतो. आणि त्याच दमात, निवडून आल्यावर काय काय फुकट वाटणार तेही सांगायचं. क्रांती चौकात रिक्षा बदलली की कडुबा फक्त नाव बदलायचा.

प्रचार रंगात आलेला असताना एका दुपारी भाऊंची रिक्षा चिकलठाण्याच्या बाजारात थांबली. कोथिंबीर विकणाऱ्या मुक्ताबाईनं त्याला हात करून बोलावलं. सकाळी तू म्हनला कर्ज भाऊवाल्यांनी केलं, आता म्हनतो दादावाल्यांनी केलं, तर नेमकं कोणी केलं ते सांग, असं तिनं विचारलं.

कडुबा सकाळपासून बोलून थकला होता. माईक बंद करायचं राहून गेलं.

"मावशे, दोघांनी मिळून केलं," तो म्हणाला. "जो बसला त्यानं उधळलं, जो उठला त्यानं हात झटकले. फेडायचं मात्र तुझ्या-माझ्या खिशातून. पण हे कोणाला सांगू नको, माझी मजुरी जाईल."

भोंग्यातून ते सगळ्या बाजारानं ऐकलं. मग अशी हशाची लाट उठली की कडुबा रिक्षातच अंग चोरून बसला.

संध्याकाळपर्यंत कोणीतरी बाजारात काढलेला व्हिडिओ घरोघरी पोचला. भाऊंच्या लोकांनी सांगून टाकलं, हा माणूस दादांनी पेरलेला. दादांचे लोक म्हणाले, बसला होता तुमच्या रिक्षात, आमचा काय संबंध? निवडणुकीचा खर्च तपासणाऱ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून, कडुबाची मजुरी कोणाच्या खर्चात लिहू, असं विचारलं, तेव्हा दोन्हीकडची माणसं एकमेकांकडं बोट दाखवायला लागली, आणि मजुरी अडकून पडली. मधे उभ्या कडुबाला लई वाईट वाटलं. ऊर फुटेस्तोवर दोघांचाही जयजयकार केला, आणि आता कोणालाच नकोसा झालो.

पण लोकांना व्हिडिओ भलताच आवडला. रस्त्यात माणसं थांबवून त्याला चहा पाजू लागली. ही हवा पाहून दोन्ही पार्ट्यांना एकदम प्रेमाचं भरतं आलं. एकाच सकाळी दोघांनीही त्याचा फोटो मोबाईलवर फिरवला. खाली लिहिलेलं, आमचा कडुबा, खरं बोलणारा.

मालनबाई ते दोन्ही फोटो घेऊन थेट साहेबांकडं गेली.

"साहेब, काल हा कोणाचाच नव्हता. आज दोघांचा झालाय. मग मजुरी बी दोघांच्या नावावर लिवा."

साहेबांनी दोन्हीकडं फोन लावले. आमचा नाही म्हणावं तर फोटो गावभर फिरलेला. दोघांनी हूं हूं केलं आणि साहेबांनी लिहून टाकलं. एकदा खर्चात चढल्यावर द्यावंच लागलं. पैसे मालनबाईनं मोजून घेतले, कडुबाच्या हाताला लागू दिले नाहीत.

निवडून कोण आलं ते कडुबाला विचारलं तर तो विषय बदलतो. सध्या तो जालना रोडला गाद्यांच्या सेलचं पुकारतो. गादी कोणामुळं बसली, असं अजून तरी कोणी विचारलेलं नाय.