काशीकाकांचा वाघ आणि जाधवची स्वस्त खोली

स्वस्तात फिरायला जाणाऱ्या माणसाकडे फोटो कमी आणि किस्से जास्त जमतात. आमच्याकडे चार वर्षांत वाघाचा एकही फोटो जमला नव्हता. किस्से मात्र इतके, की कॅन्टीनमध्ये नवीन कुणी आला की त्याच्या डब्यातली भाजी संपेपर्यंत पुरतात!

आम्ही म्हणजे तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यातले सहा जण. सहाच, कारण जंगलातल्या जिप्सीत सहा सीट असतात. खोली शोधायचं काम जाधवचं. मूळचा पाटणचा, राहतो नावड्याला, आणि लॉजचा फोन लागला की पहिला प्रश्न टाकतो, "यापेक्षा कमीची न्हाय का?" अजून भाव ऐकलेलाही नसतो.

सगळ्यात मोठे काशीकाका, बॉयलरवरचे, दिवाळे गावचे कोळी. वाघाचं वेड मूळ त्यांचं. रिटायर व्हायच्या आधी, आपल्या माणसांसोबत, एकदा वाघ बघायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

* * *

पहिल्या वर्षी ताडोबा. जाधवनं शोधलेली खोली गेटपासून खरंच पाच मिनिटांवर होती. पण ताडोबाला गेटं बरीच आहेत, हे आम्हाला तिथं पोचल्यावर कळलं! आमची सफारी ज्या गेटची, ते जंगलाच्या पार दुसऱ्या टोकाला.

जाधव लॉजवाल्याला म्हणाला, मधून जंगलातूनच शॉर्टकट नाही का? लॉजवाल्यानं शांतपणे तंबाखू मळली.

"जा नं. वापस यायचं वाघाले विचारून घ्या."

आम्ही बाहेरच्या रस्त्यानं गेलो. पोचलो तेव्हा आमची जिप्सी परत येत होती. तेव्हापासून कायदा झाला, आधी गेट, मग खोली.

* * *

दुसऱ्या वर्षी गेट बरोबर होतं. खोलीही झकास, गरम पाणी, एसी, आणि अर्ध्या भावात. जाधव गाडीत नागपूरपर्यंत कॉलर ताठ करून बसला होता. मंगळवारी पहाटे आम्ही टोप्या घालून, दुर्बीण लटकवून गेटवर हजर. गेटला कुलूप.

मंगळवारी जंगल बंद असतं. म्हणून तर खोली अर्ध्या भावात होती! सगळ्या आठवड्यात सगळ्यात स्वस्त वार कुठला, तो बघून जाधवनं बुकिंग केलं होतं, आणि सफारीचं 'तिथं गेल्यावर बघू' असं ठरवलं होतं.

आम्ही जाधवला फाडून खाणार, इतक्यात काका कुलपाकडे बघत म्हणाले, "वाघाला पन वीकली आफ हाय काय रं?" मग कुणाला रागावता येईना.

* * *

तिसऱ्या वर्षी लॉज नाही, मंगल कार्यालयाच्या खोल्या घेतल्या. लग्न नसलं तर फार स्वस्त पडतात. लग्न आहे की नाही, हे विचारायचं राहिलं.

सकाळच्या सफारीत दोन मोर बघून परतलो, तर आमच्या बॅगा ओसरीत नीट रांगेनं मांडलेल्या आणि आमच्या खोलीत नवरीला हळद लागत होती. जाधव बाह्या सावरून भांडायला गेला. पंधरा मिनिटांनी डोक्याला फेटा बांधून बाहेर आला. आम्हाला पहिल्या पंगतीला बसवलं, काकांना तर नवऱ्याच्या मामाशेजारी!

दुपारच्या सफारीत जिलेबीनं घात केला. पाच जण जिप्सीत घोरत होते. गाइड म्हणाला, तुमच्या आवाजानं माकडंसुद्धा लांब गेली. काका एकटे जागे होते, पण त्यांनी आम्हाला उठवलं नाही. "दमल्यान पोरां," एवढंच म्हणाले, असं गाइडनं नंतर सांगितलं. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

* * *

काकांच्या बॅगेत सुके बोंबील असतातच. त्याशिवाय दिवाळ्याचा माणूस मुलुख सोडत नाही. त्यामुळे जाधवला फोनवर आणखी एक प्रश्न विचारावा लागे, बोंबील चालतात का? चौथ्या वर्षी बफरच्या, म्हणजे जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्यातल्या, गेटाजवळ राहणाऱ्या शकुंतलाबाई पहिल्या निघाल्या, ज्यांनी उलटा प्रश्न केला, ते करतात कसे?

दोनच खोल्या, न्हाणीघर मागच्या अंगणात, पण सगळं लख्ख. काकांनी त्यांची चूल ताब्यात घेतली. जेवणानंतर बाईंनी जाहीर केलं, पुढच्या वर्षी बोंबील जास्त आणा, भाडं कमी घेईन. जाधवच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं की भावानं, ते कळलं नाही.

वाघ तेव्हाही दिसला नाही.

* * *

पाचवं वर्ष, म्हणजे यंदाचं. काकांच्या रिटायरमेंटला महिना उरलेला. पुन्हा शकुंतलाबाईंकडेच उतरलो, सफारी एकच, सकाळची. आदल्या संध्याकाळी भाकरी थापता थापता बाईंनी काकांना सहज विचारलं, "आत कसं असते हो?"

लग्न होऊन गेटाशेजारी आलेली ही बाई वीस वर्षं वाघ बघायला जाणाऱ्यांना डबे बांधून देत होती. आत कधी गेलीच नव्हती.

सकाळी गेटवर नावं लिहून घ्यायच्या वेळी काकांनी आपल्या जागी बाईंचं नाव सांगितलं. त्या नको नको म्हणत होत्या. जाधव तर हातच धरून बसला, काका, ही आपली शेवटची ट्रिप, तुमच्यासाठी तर आलोय.

काका म्हणाले, "माजी आय जल्मभर मासली विकली. होरीत कदी बसली नाय. तिला कुनी बस बोललाच नाय." मग बाईंकडे वळले, "तू जा बाय. नाष्ट्याचा मी बघतो."

बाई डोक्यावर पदर घेऊन पुढच्या सीटवर बसल्या.

तीन तास फिरलो. चितळ, सांबर, एक अस्वल लांबून. वाघ नाही. परतताना जाधवनं बाईंची माफी मागितली. त्या हसल्या. "वाघाचं राहू द्या हो. बसाले भेटलं नं!" हे त्या दोनदा म्हणाल्या. मला फार बरं वाटलं, आणि काकांसाठी वाईटही.

घराजवळ आलो तर अंगणाचं फाटक आतून बंद. चुलीवरचे पोहे करपल्याचा वास येत होता. काका दिसेनात. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला, तेवढ्यात गच्चीवरून कुणीतरी जोरजोरात हात हलवला. काका! एका हातात उलथनं, डोळे भरून आलेले, आणि चेहऱ्यावर असं हसू की बॉयलरवर तीस वर्षांत कुणी पाहिलं नसेल.

जाधव ओरडणार होता. काकांनी ओठांवर बोट ठेवलं, उलथन्यानं मागच्या अंगणातल्या मोहाच्या सावलीकडे दाखवलं आणि वाकून कुजबुजले,

"हलू रं. आत्ताच डोला लागलाय त्याचा."