धाकट्या घराचं पान

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. आधी ती दत्तालाच सांगायला हवी होती, म्हणून इतर कोणाला सांगितली नाही. आणि त्याला सांगणं जमलं नाही. गेल्या महिन्यात सकाळी सांगलीहून त्याच्या मुलीचा, सुनीताचा, फोन आला. "काका, बाबा गेले." मी खाटेवर बसलो. पहिला विचार आला तो हा, की आता सांगायला नको... दुःख त्यानंतर आलं. तेही लिहून ठेवतो.

दत्ता माझा चुलत चुलतभाऊ, चार वर्षांनी धाकटा. कराडजवळच्या आमच्या गावात आमच्या आडनावाची दोनच घरं, थोरलं आमचं आणि धाकटं त्याचं. पणजोबा लहानपणी कुठून तरी इथे आले, एवढंच सगळ्यांना ठाऊक. दत्ता फौजेत गेला, हवालदार होऊन सुटला आणि सांगलीला घर बांधायचं म्हणून त्याने आपल्या वाट्याची जमीन मला न विचारता परक्याला विकली. मी बोलणं टाकलं. त्याच वर्षी सुगीनंतर हेळवी आला. हेळवी म्हणजे आमच्याकडे घराघरांची वंशावळ सांभाळत फिरणारा माणूस. तेव्हा तो बैलावर बसून घंटा वाजवत यायचा. ओट्यावर बसून त्याने वही उघडली, पणजोबांचं जन्मगाव वाचून दाखवलं, आटपाडीकडची एक वाडी, आणि विचारलं, "धाकट्या घरात आता कोण कोण हाय?"

"कोण न्हाई," मी म्हणालो. "ते घर संपलं."

त्याने दत्ताच्या वडिलांच्या नावाखाली आडवी रेघ ओढली. मला त्या वेळी बरं वाटलं होतं.

राग काही जन्मभर पुरत नाही. येणं-जाणं पुन्हा सुरू झालं. त्याची बायको गेल्यावर दत्ता एकदा आला आणि जेवता जेवता म्हणाला, "दादा, फौजेत कोणी गाव विचारलं की मी ह्येच सांगायचो. पण पणजोबा जन्मला ते कुठलं? तिथं जाऊन एक नारळ फोडायचाय, बस. आपला हेळवी येतो का अजून?"

"कवाच बंद झाला," मी म्हणालो. हेळवी दोन वर्षांपूर्वीच येऊन गेला होता. पण त्याची वही उघडली की ती रेघ दिसणार होती. नुसतं गावाचं नाव सांगावं, तर तुला कोणी सांगितलं, हे दत्ताने विचारलंच असतं.

त्याची आजी म्हणायची, आपण खंडाळ्याकडून आलो. तेवढ्या एका वाक्यावर तो सात-आठ वर्षं हिंडला. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, पाटलांच्या घरचे कागद, मोडी वाचणारे म्हातारे... सगळं एका खाकी पिशवीतल्या फायलीत, गावागावाप्रमाणे लावलेलं. एकदा मलाही खंडाळ्याला घेऊन गेला. कचेरीतला कारकून म्हणाला, "आजोबा, दाखला काढायचाय का?" दत्ता म्हणाला, "दाखला नको, साहेब. गाव काढायचंय." सगळे हसले. दुपारपर्यंत धुळीतले कागद उलटून आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसलो. त्याने डबा उघडला, भाकरी मोडून मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"तू आलास, लय बरं केलंस," तो म्हणाला. "सुनीता म्हणती, बाबा, कशाला उन्हातानात? तिला काय सांगणार. तूच एक हायस, ज्याला ह्यातलं कळतं."

आटपाडी तिथून पार दुसऱ्या टोकाला. मी भाकरी खाल्ली.

या वर्षी तो अंथरुणाला खिळल्याचं कळल्यावर मी वाडीचं नाव चिठ्ठीवर लिहून खिशात घातलं आणि सांगलीला गेलो. तो फार वाळला होता. पिशवी उशाशी. माझा हात धरून म्हणाला, "ऱ्हायलं बघ ते, दादा. पण तू संगं फिरलास." त्यावर चिठ्ठी कशी काढायची? सुनीता चहा घेऊन आली. मी चहा प्यालो आणि उठलो.

दिवस झाल्यावर सुनीताने ती पिशवी मला दिली. "तुमचीच त्यांना साथ होती, काका." मी मान खाली घालून घेतली. परवा हेळवी आला, आधीच्या म्हाताऱ्या हेळव्याचा मुलगा, मोटारसायकलवर. वही तीच. मी म्हणालो, "धाकट्या घराचं लिहा. दत्तात्रय. गेल्या महिन्यात गेला. मुलगी सुनीता, सांगलीला असते."

तो रेघेवर बोट ठेवून म्हणाला, "आवं आबा, हितं तर घर संपल्यालं हाय."

"मी खोटं सांगितलं होतं."

माझ्या तोंडून ते वाक्य पहिल्यांदाच निघालं, आणि तेही ज्याने दत्ताला कधी पाहिलं नाही अशा माणसापुढे. त्याने रेघेखाली दत्ताचं नाव लिहिलं. मुलीचं नाव घालत नाहीत म्हणाला, पण घातलं.

पिशवी आता माझ्या खाटेच्या वरच्या खुंटीला आहे. फायलीत खंडाळ्याच्या कागदांवर दत्ताच्या अक्षरात लिहिलं आहे, 'दादा सोबत होता. काही मिळालं नाही.' ती चिठ्ठी मी त्याच पानाला टाचली. सुनीताला या वेळी सगळं सांगणार आहे, तिला वाडीवर न्यायचं आहे, गुडघे साथ देतील तोवर. पण 'दत्ता, माझं चुकलं' हे म्हणायची जागा ती नव्हे. ती त्या कचेरीच्या पायऱ्यांवर होती, आणि तेव्हा माझ्या तोंडात त्याची भाकरी होती.