शेजारणीचा पंखा

मुलाने पंख्याला रिमोट बसवून दिला तो माझ्या गुडघ्यांमुळे. आमचा स्विचबोर्ड कपाटामागे आहे, स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही. "आई, आता चढायचं नाही हं. हा भिंतीपलीकडूनही चालतो," म्हणाला. रिमोटवर सगळं इंग्रजीत, म्हणून त्याने पंख्याच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला.

आठवडाभर छान चाललं. मग भर दुपारी पंखा आपोआप बंद व्हायला लागला. मी ठिपका दाबायची, तो लागायचा, की लगेच बंद. एकदा असाच दाबला आणि शेजारीण तिच्या घरात ओरडली, "मेला परत लागला! उडाल्या ना सगळ्या टिकल्या!"

तेव्हा कळलं. तिच्याकडेही तसलाच रिमोट होता, आणि माझ्या बटणावर तिचाही पंखा लागत होता. ती घरी बसून कार्डावर टिकल्या चिकटवायचं काम करते. इतके दिवस ती लादीवरून टिकल्या वेचत असणार, आणि मी इकडे बटण दाबतेय.

जाऊन सांगायला हवं होतं. पण या बिल्डिंगमध्ये येऊन वर्ष झालं तरी मी कुणाशी धड बोलले नव्हते. रिमोट डब्यामागे ठेवून दिला आणि पदराने वारा घेत बसले.

रात्री हे कामावरून आल्यावर सांगितलं, तर म्हणाले, "उकडून मरशील, पण शेजारचं दार वाजवणार नाहीस!"

चार वाजता तिचं काम आटपायचं. ती पंखा लावायची, तसा माझाही लागायचा. मग मी चहा टाकायची. हळूहळू वाटायला लागलं, आम्ही दोघी बरोबरच टेकतोय.

एके दिवशी चार वाजून गेले, पाच वाजले, पंखा लागेना. दुपारी ती घरात एकटीच असते. मला चैन पडेना. शेवटी जाऊन दार वाजवलं.

तिने उघडलं. कोपराला दोन हिरव्या टिकल्या चिकटलेल्या.

"काय हो वहिनी?"

"तुमचा पंखा लागला नाही... म्हणून आले."

"माझा पंखा? तुम्हाला कसं कळलं?" मग खाली मान घालून मी सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही होतात होय! मी त्या इलेक्ट्रिशियनला किती शिव्या घातल्या!" ती हसत सुटली. "आज माल डबल आलाय. आता आलायत ना, मग बसा, हात चालवा."

बसले. गठ्ठा संपेपर्यंत साडेसहा झाले. तिने पंखा लावला आणि चहा टाकायला गेली. तिकडे आमच्या रिकाम्या घरातलाही लागला असणार. जाऊन बंद करावासा वाटला नाही.