मरनाच्या येळी

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. विरारच्या एका शाळेत सकाळच्या सत्रात मराठी शिकवते, त्याला आता अठरा वर्षं झाली. कुणी "भूत" म्हटलं की मी त्याचं लिंग आणि वचन विचारते. माझे वडील संगमनेरकडच्या एका गावात धर्मशिक्षक होते. देवाला भिणाऱ्याने दुसऱ्या कुणाला भ्यायचं कारण नाही, असं ते म्हणायचे आणि आम्ही भावंडं तशीच वाढलो. त्यामुळे पुढचं वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसा... मीही हसलेच असते.

आमचं घर राजोडीहून आगाशीला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. पुढे ओटा आणि गेट, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराचं दार वाडीत उघडतं. वाडीत वीस-पंचवीस केळी, चार नारळ, अळूचा एक पट्टा आणि विहीर. विहिरीचा कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. म्हणून आमची मुलगी जेनी चालायला लागली तेव्हा विल्सनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली. ती जाळी उचलायला दोन माणसं लागतात. हे लक्षात ठेवा.

आमच्या चर्चची घंटा दुपारी बाराला होते, तेव्हा जो जिथे असेल तिथे थांबून देवदूताची प्रार्थना म्हणतो. तिच्यात तीन वेळा "नमो मरिया" येतं. पहिलं अर्धं एकाने म्हणायचं, उरलेलं अर्धं दुसऱ्याने. आमच्या घरी पहिलं अर्धं स्वयंपाकघरातून व्हायचं आणि दुसरं वाडीतून, कारण त्या वेळी आई केळींत असायच्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. मध्ये मागचं दार बंद. बारा वाजता मागचं दार लावून घ्यायचं आणि कुणी कितीही हाक मारली तरी आधी प्रार्थनेचं पहिलं अर्धं टाकायचं, समोरून पुरं होतंय का ऐकायचं, मगच कडी काढायची, हा त्यांचा नियम होता.

मी लग्न होऊन आले तेव्हा या नियमाची मला मोठी गंमत वाटली होती. मी म्हटलं, "आई, सैतान काय दुपारी जेवायला येतो का?"

त्या मासळी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बुकात लिवलंय ना, जागी रवा, तो सिंवासारका गर्जत फिरते म्हनून. बुकात गर्जते गो. आमच्याकरं नाय गर्जत. आमच्याकरं नावानं हाक मारते."

आईंचं माहेर कोळीवाड्यातलं. आगाशीच्या बाजारात त्यांनी तीस वर्षं सुकी मासळी विकली. शाळा दुसरीपर्यंत. पण स्तोत्रं, शुभवर्तमानं, सगळं तोंडपाठ, आणि सगळं त्यांच्या बोलीत. "ण" त्यांच्या तोंडून आयुष्यात कधी आला नाही. "नमो मरिया"चा शेवट आपण "आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर" असा करतो. आई म्हणायच्या, "मरनाच्या येळी". आणि मी मराठीची बाई. माझ्या कानाला ते रोज खड्यासारखं लागायचं.

मी सुधारायला गेले. एकदा नाही, कित्येकदा. "आई, जीभ टाळूला लावा. ण. बाण, आण, मरण." त्या दोन-तीनदा प्रयत्न करायच्या आणि हसून सोडून द्यायच्या. "जल्लं तुजं मरन. मना नाय जमत, बाय. देवाला समाजते."

एकदा मात्र मी हद्द केली. घरी जपमाळेला पाहुणे होते, गल्लीतल्या पंधरा बायका होत्या, आणि आई "नमो मरिया"ची शेवटची ओळ म्हणत असताना मी मधेच मोठ्याने "मरणाच्या वेळी" असं दुरुस्त केलं. त्या थांबल्या. नंतरची सगळी जपमाळ त्यांनी फक्त ओठ हलवले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. आज हे लिहितानाही लाज वाटते.

आता त्या दिवसाचं सांगते. आठ वर्षं झाली. एप्रिल संपत आला होता. शाळेच्या परीक्षा झाल्या होत्या आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उत्तरपत्रिका तपासत बसले होते. विल्सन सातिवलीला कामावर. जेनी पाच वर्षांची, ती दाराशी फरशीवर भातुकली मांडून बसली होती. आई सकाळीच वाडीत गेल्या होत्या... म्हणजे मला तसं वाटत होतं.

घंटा झाली. मी पेन खाली ठेवलं आणि पहिलं अर्धं म्हटलं. बाहेरून उत्तर आलं. आईंचाच आवाज. तंबाखूची मशेरी लावून किंचित घोगरा झालेला, शेवटी खाली उतरणारा. दाराच्या अगदी जवळून. दुसऱ्यांदा म्हटलं, पुन्हा उत्तर. तिसऱ्यांदाही.

काय सांगू, मला आनंद झाला हो. कारण तिन्ही वेळा त्या आवाजाने "मरणाच्या वेळी" म्हटलं होतं. ण अगदी ठणठणीत, वे स्वच्छ, माझ्या पहिल्या बाकावरच्या मुलींना येणार नाही इतका. मी मनात म्हटलं, वा, शेवटी जमलं म्हणायचं! बाई केळींत जाऊन गुपचूप सराव करत होत्या तर.

"जेनी," बाहेरून आवाज आला. "दार उघड बाळा. विहिरीपाशी चल, तुला गंमत दाखवते."

जेनी उठली. दाराला दोन कड्या आहेत. खालची तिच्या हाताला यायची, वरचीसाठी तिने स्टूल ओढलं. मी बघत होते. मी, तिची आई, टेबलाशी बसून बघत होते आणि हसत होते. तिने वरची कडी काढली आणि खालचीकडे वाकली.

तेवढ्यात पुढचं गेट वाजलं.

कुणीतरी ओटा चढत होतं आणि चढता चढता पुटपुटत होतं. बसमध्ये घंटा ऐकू आली नसेल म्हणून मागाहून म्हणत असावं. "...आता आनि आमच्या मरनाच्या येळी..." पुढच्या दारातून आई आत आल्या. हातात बाजाराची पिशवी, डोक्यावर पदर, चेहरा उन्हाने लाल. आगाशीहून येत होत्या.

मला उठताच येईना. तोंडातून एवढंच आलं, "आई... मागे तुम्ही आहात."

त्यांनी जेनीकडे बघितलं, उघड्या कडीकडे बघितलं. पिशवी तिथेच सोडली, धावत जाऊन पोरीला एका हाताने मागे ओढलं आणि दुसऱ्या हाताने वरची कडी सरकवली. मग दाराला कान लावून त्यांनी प्रार्थनेचं पहिलं अर्धं म्हटलं. हळू, रोजच्यासारखं.

पलीकडून त्यांच्याच आवाजात उत्तर आलं. बिनचूक. आईंचे ओठ मिटलेले होते, मी त्यांच्याकडेच बघत होते.

"ही मी नाय," त्या म्हणाल्या. मला सांगत होत्या की स्वतःला, कळलं नाही. मग त्यांनी गळ्यातला क्रूस काढून कडीला अडकवला, जेनीला माझ्या मांडीवर दिलं आणि गुडघ्यावर बसून प्रभूची प्रार्थना सुरू केली. "वायटापासून सोडव" इथे आल्या की पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्यामागून मीही म्हणत होते, आणि माझी जीभ इतकी अडखळत होती की त्या दिवशी माझेच सगळे उच्चार चुकले.

दारावर काही आपटलं नाही. ओरडा नाही, नखांचा आवाज नाही. अर्ध्या तासाने आई उठल्या आणि आम्ही तिघी पुढच्या दाराने वळसा घेऊन मागे गेलो. वाडीत कुणी नव्हतं. दारापुढची माती सकाळी शिंपलेली, तिच्यावर पाऊल नव्हतं. आणि विहिरीवरची जाळी काढून नारळाला टेकवून ठेवलेली होती. पाणी खूप खाली होतं, काळं. जेनीचा हात माझ्या हातात होता, तो मी इतका आवळला की ती रडायला लागली.

कारणं शोधायची ती सगळी शोधली. विल्सन म्हणाला, शेजारी कुणीतरी मोबाइलवर प्रार्थना लावली असेल. मग मोबाइलने जेनीला नावाने हाक मारली का? कुणी चेष्टा केली म्हणावं, तर आईंचा आवाज असा हुबेहूब काढणारं गल्लीत कोण आहे? आणि जाळी? पंप दुरुस्तीवाला आला होता का, म्हणून विचारलं, तर तो महिनाभर फिरकला नव्हता. शेवटी मी चर्चमध्ये फादरना जाऊन सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "टीचर, रानात प्रभूची परीक्षा घेतली तेव्हा सैतानानेही शास्त्रवचनच म्हटलं होतं. एक अक्षर चुकलं नाही. पाठांतर चांगलं आहे त्याचं."

त्या दिवसापासून मी आईंना सुधारणं बंद केलं. उलटंच केलं. जेनीला रोज बारा वाजता शेजारी उभी करून शिकवलं, घरात "मरनाच्या येळी" असंच म्हणायचं. बाहेरून कुणी शुद्ध म्हटलं तर कडीला हात लावायचा नाही. शाळेत मी ण घोटून घ्यायची आणि घरी न. पोरीने धर्मशिक्षणाच्या पाठांतरात तेच म्हटलं आणि सिस्टरने मला बोलावून घेतलं, "मराठीच्या टीचरची मुलगी आणि हे काय?" मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आईंना सांगितलं तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

गेल्या वर्षी आई गेल्या. फुप्फुसांचं दुखणं होतं, तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये. शेवटच्या दिवसांत त्यांना बोलताना धाप लागायची, म्हणून पहिलं अर्धं मी म्हणायची आणि दुसरंही मीच, त्यांच्या बोलीत. एका दुपारी त्यांनी माझा हात धरला. "बाय, आयक. मी गेल्यावर बारा वाजता दाराशी माजा आवाज आला ना..."

मी म्हटलं, "उघडीन की आई."

त्यांनी मान हलवली. "नको. मना पन उघरू नको."

मला वाटलं तापात बोलतायत. पण त्यांनी मला जेनीच्या नावाने वचन द्यायला लावलं.

आता गेल्या महिन्यातलं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. शाळेला सुट्टी होती. जेनी क्लासला, विल्सन कामावर, मी एकटी भाजी चिरत होते. घंटा झाली. मागचं दार बंद. सवयीने मी पहिलं अर्धं म्हटलं आणि थांबले... आई गेल्यापासून मी तशीच क्षणभर थांबते आणि मग दुसरं अर्धं स्वतःच म्हणते.

मला म्हणावं लागलं नाही. वाडीतून आवाज आला. घोगरा, शेवटी खाली उतरणारा. "...आता आनि आमच्या मरनाच्या येळी..."

मी विळी तशीच सोडून दाराशी गेले. दुसऱ्यांदा म्हटलं. उत्तर आलं. तिसऱ्यांदाही तेच, न तसाच, येळी तशीच. दार उघड, असं कुणी म्हटलं नाही. नावाने हाक मारली नाही. मी "आई?" म्हटलं. बाहेर कुणीतरी नाक ओढलं, आई रडताना ओढायच्या तसं.

माझा हात कडीवर होता. त्यांना सांगायचं होतं की त्या जपमाळेच्या दिवशी मी चुकले, ते मी कधी सांगितलंच नव्हतं. पण वचन दिलं होतं. मी दार उघडलं नाही. कपाळ दाराला टेकवून प्रभूची प्रार्थना म्हणत राहिले, आणि बाहेर हळूहळू काहीच उरलं नाही.

त्या आई असतील, तर भर उन्हात मी त्यांना दाराबाहेर ठेवलं. नसतील, तर आठ वर्षं रोज बारा वाजता मी आणि जेनी मोठ्याने तो शब्द म्हणत होतो आणि दारापलीकडे कुणीतरी मन लावून शिकत होतं. रोज कानावर पडलं की कुणालाही येतं, हे मी वर्गात सांगतेच.

जेनी घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती तेरा वर्षांची आहे, माझ्याहून धीट. तिने एकच विचारलं, "मम्मी, जाळी बघितलीस?"

बघितली नव्हती. आम्ही दोघी पुढच्या दाराने वळसा घालून गेलो.

जाळी जागच्या जागी होती.

याचं काय समजायचं, मला माहीत नाही. कुणाला ठाऊक असेल तर सांगा. मी रोज बारा वाजता पहिलं अर्धं म्हणते आणि थांबते. त्या दिवसानंतर वाडीतून उत्तर आलेलं नाही.